एक जानेवारी ऐंशी

१

पत्रा बाजूला सरकवला आणि अल्का शहारेचा हात तिथंच थांबला. कॉम्प्युटरच्या आत हार्डडिस्कच नव्हती.

बाकी सगळं जागेवर होतं. सात वर्षांची धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, गळून हिरवी पडलेली बॅटरी. फक्त खालच्या कप्प्यात धुळीच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन. डिस्क काढून फार तर दोन दिवस झाले असावेत.

"मॅडम, इथली डिस्क कोणी नेली?"

मुख्याध्यापिका राजकुमारी बिसेन खुर्चीतून अर्धवट उठल्या. "नेली म्हणजे? खोलीले तर कुलूप राह्यते."

"किल्ली कोणाकोणाकडे?"

"एक माझ्याकडं, एक छोटेलाल बाबूकडं. आन एक अध्यक्षायच्या घरी."

बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या गावातली ही खाजगी शाळा. डिसेंबर २०१२ अखेर राजकुमारीबाई निवृत्त होणार होत्या आणि त्या खुर्चीवर दोघांचा दावा होता. एक संघदीप वालदे, गणिताचे शिक्षक. दुसरी हर्षिता पटले, संस्थेचे अध्यक्ष भोजराज पटले यांची सून. शाळेला अनुदान मिळालं २००३ साली आणि दोघांना मान्यता मिळाली एकाच तारखेला. त्याआधी बिनपगारी शिकवत असताना कोण पहिले रुजू झालं, त्यावर सगळं ठरणार होतं. संघदीप म्हणत होता, मी जून १९९९ मध्ये आलो, हर्षिता मॅडम दोन वर्षांनी आल्या. हर्षिता म्हणत होती, मीच आधी. हजेरीबुकं वाळवीनं खाल्लेली. उरली होती ती या जुन्या कॉम्प्युटरमधली १९९९ ची शिक्षकांची यादी. गुरुवारी चौकशी अधिकारी येणार होते. २००५ पासून बंद पडलेलं मशीन सुरू करायला सोमवारी तिरोड्याहून अल्काला बोलावलं होतं. तिचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

प्रयोगशाळेत महिन्याभरापूर्वी लागलेली मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आत आली. अल्कानं तिला लगेच ओळखलं.

"रिंकी! तू इथं?"

"हो ताई. पप्पा म्हणत होते, अल्काताई तिकडंच कुठं राहते म्हणून."

रिंकीचे पप्पा म्हणजे खेमराज टेंभरे. गोंदियात त्यांनी क्लास काढला तेव्हा अल्का अठरा वर्षांची होती. वस्तीतल्या पोरीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देणारा पहिला माणूस तो. "सरांना नमस्कार सांग," अल्का म्हणाली आणि त्या रिकाम्या चौकोनाकडे पुन्हा पाहू लागली.

२

छोटेलाल बाबू, शाळेचा लिपिक, स्टोअरच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"यादी तुम्हीच टाइप केली होती ना?"

"मीच. इंग्रजीत. तवा मराठी नोतं त्यात."

"पहिलं नाव कोणाचं होतं?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तेरा वर्षं झाली, मॅडम. मले काय आठवते?" आठवत होतं, हे मळून झालेला तंबाखू तो पुन्हा मळू लागला त्यावरून दिसत होतं. त्याच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती.

"मॉनिटरवर कागद चिकटवलाय. ९८९, १५, ५६. ते काय?"

"डिस्कची मापं." या विषयावर त्याला बोलायला बरं वाटलं. "दोन हजार एकच्या पावसाळ्यात बॅटरी मेली. तवापासून मशीन बंद केलं का सगळंच विसरे. सुरू करताना दरखेपी ते आकडे भरा लागत. मी, वालदे सर, बिसेन मॅडम, सगळ्यायले पाठ होते ते."

संघदीप वर्गातून बाहेर आला तो खडूचे हात झटकत. चाळिशीचा, सडपातळ, शर्टाची कॉलर उसवलेली.

"चौदा जून नव्व्याण्णव. सोमवार होता. मी सायकलनं आलो होतो."

"डिस्क कोणी नेली असेल?"

"ज्याले यादीची भीती आहे त्यानं. मले कायले भीती?"

दुपारी फाटकाशी धनेंद्र पटलेची गाडी थांबली. हर्षिताचा नवरा, नागपुरात कॉम्प्युटर इंजिनिअर. डिस्क गेल्याचं ऐकून तो हसला. "मॅडम, मी जावात प्रोग्राम लिहितो. ये डॉस-वॉस मेरे बाप के टाइम का है. मला तर ते मशीन चालूसुद्धा करता येणार नाही." हर्षिता त्याच्या मागे उभी होती. अल्कानं तिलाच थेट विचारलं, "तुम्ही कधी आलात शाळेत?" तेव्हा तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्जात लिवलं आहे ना."

मंगळवारी सकाळी खिचडी शिजवणाऱ्या बाईनं तांदूळ काढायला कोठीत हात घातला आणि किंचाळली. तांदळात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क होती. तिच्यावर शाळेचा नोंद क्रमांक पांढऱ्या रंगात तसाच होता. डिस्क तीच, यात शंका नव्हती.

अर्ध्या तासात भोजराज पटले शाळेत हजर झाले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, आवाज अजिबात न चढवता बोलायची सवय.

"कोठीची किल्ली कोणाजवळ राह्यते, बिसेन मॅडम?"

राजकुमारीबाईंनी मान खाली घातली. पोषण आहाराचं काम दोन वर्षांपासून संघदीपकडे होतं. शाळेतली किल्लीही त्याच्याचकडे; दुसरी, इतर किल्ल्यांसारखी, अध्यक्षांच्या घरी.

"बस, मंग," भोजराज म्हणाले. "यादीत काय आहे ते वालदे गुरुजीले माहीत होतं. म्हणून लपवली."

३

बुधवारी सकाळी अल्का दुकानात बसली ती एका वेगळ्याच कामाला. सापडलेली डिस्क तशीच लावून मशीन सुरू करायचं तिच्या जिवावर आलं होतं. सुरू होताना मशीन डिस्कवर काय खरडेल, याचा नेम नाही. त्यापेक्षा स्वतःची एक डिस्क तयार करायची, मशीन तिच्यावर सुरू करायचं आणि शाळेची डिस्क शेजारी जोडून नुसती वाचायची.

भंगारातून ठेवलेली एक छोटी हार्डडिस्क तिनं वायरनं लॅपटॉपला जोडली. मग इम्युलेटर उघडला. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा करणारा हा प्रोग्राम. पडद्यावर काळी खिडकी आली, तिच्यात १९९५ सालचं मशीन जागं झालं आणि त्याला आपण लॅपटॉपच्या आत आहोत हे ठाऊकच नव्हतं. तिनं त्याला डिस्कची मापं सांगितली, ९८९, १५, ५६, म्हणजे शाळेचं मशीनही हिला ओळखेल. डिस्क आखली, फॉर्मॅट केली, जुनी मशीनं ज्यावर चालत ते डॉस चढवलं. पहिल्यांदा मापात चूक झाली आणि डिस्क उठेना. दुसऱ्या खेपेला उठली. दीड तासात जुन्या मशीनला सुरू करू शकणारी डिस्क तिच्या टेबलावर तयार होती. शाळेच्या मशीनला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.

हे ध्यानात आलं तेव्हा तिचा चहा हातातच राहिला. आपण केलं ते दुसरं कोणीही करू शकतं. शनिवारी डिस्क न्यायची, कुठल्याही घरात बसून इम्युलेटरमध्ये हवी ती यादी तयार करायची, मंगळवारी तांदळात ठेवायची.

अकरा वाजता ती शाळेत होती. राजकुमारीबाई आणि छोटेलाल तिच्या मागे उभे राहिले. तिची डिस्क लागली, मशीन घरघरत उठलं. शाळेची डिस्क वाचली गेली. यादी उघडली.

पहिलं नाव, एच. पटले, १४-०६-९९. दुसरं, एस. वालदे, ०१-०७-९९.

छोटेलालच्या तोंडातून निघून गेलं, "मी असं नोतं लिवलं." मग दोघी आपल्याकडे बघतायत हे पाहून तो म्हणाला, "म्हणजे... मले नक्की नाही आठवत."

अल्कानं फाइलींच्या तारखा पाहायला सुरुवात केली. यादी जून १९९९ ची. २००२ ची सहामाही प्रश्नपत्रिका, ऑक्टोबर २००२. २००४ ची वार्षिक, एप्रिल २००४. सगळ्या तारखा कशा ओळीनं, जिथल्या तिथं. ती बघतच राहिली. मग तिनं मशीनवर दोन ओळींची नवी फाइल केली आणि तिची तारीख पाहिली.

एक जानेवारी १९८०.

"बाबू, बॅटरी मेल्यावर मशीन तारीखही विसरायचं ना?"

"विसरे ना. रोज एक जानेवारी ऐंशी. आमी हसत असू, का शाळा अजून जलमलीच नाही म्हणून."

"मग २००२ ची प्रश्नपत्रिका ऑक्टोबर २००२ ची तारीख घेऊन कशी बसली?"

राजकुमारीबाई हळूच खुर्चीत बसल्या.

अल्कानं जुळवलं. २००१ नंतर या मशीनवर लिहिलेल्या प्रत्येक फाइलीवर १९८० ची तारीख हवी होती. कोणीतरी ती चूक समजून सुधारली होती, परीक्षेच्या महिन्यांप्रमाणे एकेक तारीख बसवली होती. छोटेलाल, संघदीप, राजकुमारीबाई या मशीनवर बसलेले होते. त्यांना ऐंशी हीच खरी तारीख हे माहीत होतं, त्यांनी ती बदललीच नसती. म्हणजे हे काम अशा माणसाचं, जो या मशीनवर कधीच बसला नव्हता.

धनेंद्र? की आणखी कोणी?

शेवटी तिनं आपली डिस्क काढली आणि शाळेचीच एकटी लावून मशीन सुरू केलं. फाइली पाहायला डॉसमध्ये डीआयआर टाइप करतात. पण तिच्या बोटांनी क्लासमधल्या जुन्या सवयीनं वेगळंच टाइप केलं. वाय, ए, डी, आय.

मशीननं "चुकीचा हुकूम" म्हणायला हवं होतं. त्याऐवजी पडद्यावर सरसर फाइलींची यादी उतरली.

अल्का छोटेलालकडे वळली. "बाबू, तुम्ही हे 'यादी' वापरत होता?"

"नाई बा. आमी डीआयआर मारत होतो."

मराठी पोरांना सोपं जावं म्हणून हा हुकूम एका माणसानं बनवला होता. तो तयार करील त्या प्रत्येक डिस्कवर आपल्या तयार फाइलींसोबत तो चढवायचाच. आणि त्याला कुठलीही गोष्ट अव्यवस्थित सहन होत नसे, तारीखसुद्धा.

४

त्याच दुपारी खेमराज सर गोंदियाच्या घरात ओसरीवर उन्हात बसले होते. एका पायाला पट्टी. शेजारी स्टुलावर लॅपटॉप.

"ये वं अल्का. मले वाटलंच होतं, तू येशील."

"सर, ऐंशीच्या तारखा काऊन बदलल्या तुम्ही?"

"ऐंशी म्हणजे बॅटरी मेलेली होती?"

"हो."

"मले वाटलं, कोणी पोरानं गडबड करून ठेवली आहे." त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांना तारखांच्या चुकीचं दुःख झालं होतं, केलेल्या कामाचं नाही. तेच अल्काला सहन झालं नाही.

"तुम्हीच केलं तर."

"डिस्क उठतच नोती. नव्यानं तयार करा लागली. भोजराजभाऊ स्वतः घेऊन आले शनिवारी."

"आणि त्याच्या बदल्यात रिंकीची नोकरी."

"ती सहा वर्षं घरात बसून होती, अल्का. बीएस्सी झालेली पोरगी. मी किती जणाले शिकवलं? सारे आपापल्या मार्गानं गेले. माह्या पोरीसाठी कोणी एक शब्द टाकला?"

"मी टाकला असता, मला सांगितलं असतं तर."

"तू?" ते कडवट हसले. "तुह्या शब्दानं नोकरी लागते काय?"

अल्का त्यांच्यासमोर पायरीवर बसली.

"वालदे सरांचं काय, सर? तेरा वर्षं शिकवलं त्यांनी. त्यांच्यावर चोरीचा आळ आहे."

"तो उभा राहीन कुठंतरी. तरुण आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या तू फक्त एवढंच सांग का डिस्क शाळेचीच आहे. खोटं नाही ते. नोंद क्रमांक आहे तिच्यावर."

"आणि पुसायच्या आधी जुन्या फाइलींची प्रत? ती कुठं आहे?"

सरांनी लॅपटॉप बंद केला. "प्रत नाही."

अल्का उठली. "उद्या मी सगळं सांगणार आहे, सर. तुमच्या नावासकट."

५

गुरुवारी शाळेच्या सभागृहात चौकशी अधिकारी मधल्या टेबलावर बसले. भोजराज एका बाजूला, त्यांच्या शेजारी धनेंद्र आणि हर्षिता. संघदीप दाराजवळच्या बाकावर. आणि भोजराजांच्या मागे, काठी धरून, खेमराज सर. संस्थेनं त्यांना जाणकार म्हणून बोलावलं होतं.

अल्का जवळपास तासभर बोलली. मेलेली बॅटरी दाखवली, मशीनवर फाइल करून एक जानेवारी ऐंशी दाखवलं. प्रश्नपत्रिकांच्या तारखा वाचून दाखवल्या. अधिकारी म्हणाले, "पण बाई, शाळेच्या बाहेर बसून कोणी अशी डिस्क बनवू शकतं, हे मी कसं मानू?"

तेव्हा तिनं लॅपटॉप उघडला, सगळ्यांसमोर इम्युलेटर सुरू केला आणि एक रिकामी डिस्क, क्लासपासूनच्या नेहमीच्या तयार फाइली चढवून, तयार केली. तिच्यात शिक्षकांची यादी लिहिली, पहिल्या नंबरावर स्वतःचं नाव टाकलं, अल्का शहारे, १४-०६-९९. डिस्क शाळेच्या मशीनला लावली. मशीन उठलं आणि तिला त्या शाळेची सर्वांत जुनी शिक्षिका म्हणून दाखवू लागलं.

सभागृहात हलकासा हशा पिकला. अधिकारीही हसले. "म्हणजे ह्यात काहीही लिहिता येतं."

"काहीही."

"आणि ही शाळेची डिस्क कोणी लिहिली?"

अल्कानं शाळेची डिस्क पुन्हा मशीनला लावली. मग तिनं 'यादी' हुकूम सगळ्यांना दाखवला. "हा खेमराज टेंभरे सरांचा हुकूम आहे. डिस्क त्यांनीच बनवली. त्यांनी ते काल माझ्याजवळ कबूल केलं."

खेमराज सर काठीवर भार देऊन उठले. त्यांचा चेहरा दगडासारखा होता.

"साहेब, ही माझी विद्यार्थिनी. हा हुकूम मी हिले बी शिकवला. आता दहा मिनिटांपूर्वी हिनं जी डिस्क बनवली, तिच्यात बी तोच हुकूम आहे, पाहून घ्या." ते थांबले. "मंगळवारी डिस्क सापडली, तवापासून बुधवारपर्यंत हिच्याच ताब्यात होती. काल ही मले भेटली नाही. आन वालदे गुरुजी आणि ही बाई एकाच विहारात जाते."

एवढं बोलून ते खाली बसले. अल्काकडे त्यांनी पाहिलं नाही.

डिस्क मंगळवारपासून राजकुमारीबाईंच्या कपाटात होती. अल्कानं त्यांच्याकडे पाहिलं. भोजराजांनीही पाहिलं. बाईंच्या पेन्शनचे कागद अजून संस्थेच्या सहीसाठी पडलेले होते. "मी... बुधवारी शाळेत नोती पूर्ण वेळ," त्या म्हणाल्या. छोटेलाल बाबूला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला.

संघदीप मात्र उभा राहिला. "साहेब, या बाईचा काही संबंध नाही. माझ्यापायी यांच्यावर..."

"बसा, गुरुजी," अधिकारी म्हणाले आणि लिहू लागले.

निकाल महिन्याभरानं आला. डिस्क विश्वासार्ह नाही, ती कोणी बदलली हे सिद्ध होत नाही, सबब प्रकरण संस्थेच्या निर्णयावर सोपवण्यात येत आहे. संस्थेनं हर्षिता पटले यांना प्रभारी मुख्याध्यापिका केलं. चोरीचा आळ मागे घेतला आणि संघदीपची बदली सालेकशाच्या पुढे जंगलातल्या शाखेत केली. हे उपकार म्हणून सांगण्यात आलं. तिरोड्यातल्या तीन शाळांनी अल्काचं काम बंद केलं. कोणी कारण दिलं नाही.

६

पुढच्या सप्टेंबरात रिंकी दुकानात आली. तिच्या केसांत तेल नव्हतं. पप्पा पंधरा दिवसांपूर्वी गेले होते. पायाची जखम चिघळत गेली आणि साखर आटोक्यात आली नाही. अल्काला कोणी कळवलं नव्हतं. कळलं असतं तर गेलो असतो की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

रिंकीनं खोका टेबलावर ठेवला. "पप्पांच्या सीड्या आहेत. भंगारवाला येऊन राहिला होता. मी म्हटलं, ताईच्या कामाच्या असतील."

"तुझी नोकरी?"

"पक्की झाली," रिंकी म्हणाली आणि खाली बघत निघून गेली. तिला किती माहीत होतं, अल्कानं विचारलं नाही.

खोक्यात चाळीसएक सीड्या होत्या. एकीवर सरांच्या बारीक, सरळ अक्षरात फक्त शाळेच्या डिस्कचा नोंद क्रमांक लिहिला होता.

प्रत होती.

तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि इम्युलेटरमध्ये ती प्रत उघडली. प्रश्नपत्रिका, एक जानेवारी ऐंशी. पोषण आहाराची पत्रं, एक जानेवारी ऐंशी. आणि एकच फाइल १९९९ ची. छोटेलालनं टाइप केलेली यादी, मोडक्या स्पेलिंगसकट. पहिलं नाव एस. वालदे, १४-०६-९९. पाच नावांत हर्षिता पटले कुठंच नव्हती.

अल्का खुर्चीत मागे टेकली. माणसानं खोटं केलं, भर सभेत तिला खोटं पाडलं, आणि खरं जपून ठेवलं. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो काढायला समोर कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पॅसेंजरनं सालेकशाला उतरली आणि पुढे जीपनं शाखेत गेली. दोन खोल्यांची शाळा, भोवती मोहाची झाडं. संघदीप व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत होता. तो वाळला होता. तिनं छापलेला कागद त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो दोनदा वाचला. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"हे कुठं उघडलं, मॅडम?"

"दुकानात. माझ्या लॅपटॉपवर."

"इम्युलेटरमध्ये?"

"हो. पण हे खरं आहे, सर. तारखा पाहा, सगळ्या ऐंशीच्या आहेत. हे घेऊन आपण वर अपील..."

संघदीपनं मान हलवली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं. "तुम्हीच साहेबासमोर दाखवलं ना मॅडम, का त्यात काहीही लिहिता येते. तुमचं नाव पहिल्या नंबरावर आणून दाखवलं. आता तुम्ही हे घेऊन जाल, आन तो म्हणन, हे बी तुम्हीच बनवलं."

तो म्हणत होता ते बरोबर होतं. त्याला वाचवायला तिनं जे सिद्ध केलं होतं, त्यानंच आता हा कागद मारला होता.

आतल्या खोलीत मुलं पाढे म्हणत होती. संघदीपनं कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि उभा राहिला. मग दारातून वळून त्यानं विचारलं,

"पण तारीख चौदाच आहे ना त्यात?"

"चौदाच आहे, सर."

"बरं झालं," तो म्हणाला. "मधात मधात मलेच वाटू लागलं होतं, का मी जुलैतच आलो असन म्हणून."

आणि तो वर्गात गेला.